छातीपर्यंत राख

“राखेनं भांडी घासतात, मॅडम. दवाखान्याचा पाया नाही भरत.”

डाखोरे साहेब हे मला पहिल्यांदा सांगत नव्हते. एरवी ते चिडून म्हणत. त्या सकाळी थकल्यासारखे म्हणाले, म्हणून मला जास्त लागलं.

आमचा प्लांट वरोऱ्याच्या अलीकडे, नागपूर रस्त्याला लागून होता. खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी मापात कालवायचं आणि तयार काँक्रीट ट्रकांतून साइटवर पाठवायचं, एवढं तिथलं काम. केशव डाखोरे प्लांटचे मॅनेजर. पन्नाशी ओलांडलेला, जाडजूड, सरळ माणूस. उभ्या आयुष्यात सिमेंटात चिमूटभर भेसळ केली नाही, हा त्यांचा अभिमान आणि तो खरा होता. मी, वृषाली जगदाळे, तिथे मालाची गुणवत्ता तपासायला होते. कराडला शिकलेली, तिशीच्या आतली, त्या मुलखात परकी.

जिल्ह्यातल्या वीज केंद्रात कोळसा जळायचा आणि त्याच्या राखेच्या टेकड्या झाल्या होत्या. वारा सुटला की दोरीवरचे कपडे करडे व्हायचे आणि माणसं खोकायची. ही राख सिमेंटच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जागी घालून काँक्रीट करायचं, असं मी मालकांच्या गळी उतरवलं होतं. त्यासाठी कित्येक महिने काँक्रीटचे ठोकळे पाडले होते, पाण्यात भिजवले होते, यंत्रात दाबून फोडले होते. मालकांना ते पटलं. डाखोरे साहेबांच्या लेखी मात्र ती भेसळच होती, आणि ती त्यांच्या प्लांटात, त्यांच्या सहीनं होणार होती.

दुसऱ्या दिवशी बायकांच्या नव्या दवाखान्याचा पाया भरायचा होता. पुरुषभर नाही, पण छातीइतका जाड, आणि सगळा एका दमात. माझ्या मिश्रणाचं ते पहिलं मोठं काम. आणि नेमकी त्या सकाळी सायलोतून राख खाली येईना.

सायलो म्हणजे चार मजली घराएवढी लोखंडी टाकी, खाली नरसाळ्यासारखी निमुळती. एक सिमेंटची, शेजारी एक राखेची. राखेच्या टाकीचा खालचा झडप-दरवाजा उघडला तरी त्यातून मूठभरसुद्धा पडत नव्हती.

“पाणी शिरलं असंल,” डाखोरे म्हणाले. “गठ्ठे झाले असतील. बरंच झालं. उद्या पूर्ण सिमेंट. संपला विषय.”

“पाहिल्याशिवाय कसं सांगता? मी वर जाते. नमुना घेते.”

“घ्या. पट्टा बांधल्याबिगर झाकण उघडू नका.” एवढं बोलून ते फोनकडे वळले.

मी आमच्या फिटरला, बंडू मडावीला, बरोबर घेतलं आणि बाहेरच्या शिडीनं वर चढले. उंचीची मला कधी भीती नव्हती. वरून पलीकडच्या राखेच्या टेकड्या दिसत होत्या, उन्हात चांदीसारख्या. मडावीनं माझ्या कमरेच्या आणि खांद्याच्या पट्ट्याला दोर अडकवला, त्याचं दुसरं टोक कठड्याला गुंडाळलं आणि झाकण उघडलं.

आत भिंतीला लोखंडी पायऱ्या होत्या. तोंडाला फडकं बांधून मी उतरले. डोळे अंधाराला सरावले तेव्हा दिसलं की समोरच्या भिंतीला राख कड्यासारखी चिकटून उभी आहे, माझ्या डोक्याच्याही बरीच वर. माझ्या बाजूला ती सपाट होती, वर पापुद्रा धरलेली. पाय टेकून पाहिला. घट्ट लागली. पायरीवरचा हात न सोडता मी वाकून मूठभर उचलली. कोरडी होती. पावडरसारखी कोरडी. मला इतका आनंद झाला की आणखी थोडी आतली घ्यावी म्हणून मी दुसरं पाऊल टाकलं आणि हात सुटला.

पापुद्र्याखाली पोकळी होती.

पडल्यासारखं वाटलंच नाही. कुणी पाय धरून खाली ओढावं तसं झालं. दोर ताणला, काखेत पट्टा रुतला आणि मी थांबले. कमरेपर्यंत राख होती.

“मॅडम!” वरच्या उजेडाच्या चौकोनात मडावीचं डोकं आलं. “काय झालं?”

“पाय रुतले. ओढ जरा.”

त्यानं ओढलं. मी हलले नाही, फक्त कंबर तुटेल असं वाटलं. पाय कशात तरी ओतून घट्ट केल्यासारखे झाले होते.

“थांब! ओढू नको!” मी ओरडले.

माझा आवाज टाकीत घुमला. समोरच्या कड्यावरून राखेची एक बारीक धार सुटली, सळसळत खाली आली आणि थांबली. मी वर पाहिलं. कड्याला उभी भेग होती. तो माझ्या बाजूला झुकलेला होता.

त्यानंतर मी कुजबुजूनच बोलले.

“मडावी, हळू बोल. ही भिंत पडेल.”

त्याला ऐकू गेलं नाही. “घाबरू नका मॅडम!” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सुटकेचा उत्साह होता. “खालून राख सोडतो! दरवाजा मोकळा केला की सारी उतरून जाईन, तुमी मोकळ्या!”

आणि डोकं नाहीसं झालं.

त्याला काय सुचलं होतं ते मला कळलं, आणि खरी भीती तेव्हा वाटली. खालचा दरवाजा मोकळा झाला तर राख पाण्यासारखी वाहणार होती. भोवऱ्यात सापडलेली काडी जाते तशी तिच्यासोबत मी मधोमध खाली जाणार होते. दोर मला धरून ठेवेल, पण वर समोरचा कडा उभा होता. तळ सुटला की तो येणार. मी हे ओरडून सांगू शकत नव्हते. ओरडले तर कडा आत्ताच येणार.

लोखंडी शिडीवरून उतरणारे त्याचे बूट टाकीच्या पत्र्यातून मला ऐकू येत होते. ते खाली गेले. मग काहीच नाही. बाहेर कुठं तरी ट्रकचा हॉर्न वाजला, कुणाचं तरी हसणं ऐकू आलं. जग तिथंच, एका पत्र्याच्या पलीकडे होतं.

मी श्वास सोडला आणि जाणवलं की पोट आत गेलं तेवढ्या जागेत राख आली. पुढचा श्वास आधीच्यापेक्षा लहान झाला.

मग धाड असा आवाज झाला.

मडावी खाली नरसाळ्यावर घण मारत होता. अडकलेली राख सोडवायची ती आमची नेहमीची रीत. पूर्ण टाकी थरारली. माझ्याभोवतीची राख एकदम हलकी झाली, जणू तिला कुणी ढवळलं, वर कठड्याला गुंडाळलेला दोर सरकला आणि मी आणखी खाली गेले. ती परत बसली तेव्हा छातीपर्यंत आली होती. दोन्ही हात मी कसेबसे वर काढले. पुन्हा धाड. कड्याचा घमेल्याएवढा तुकडा सुटून माझ्या खांद्याजवळ पडला. तोंडावरचं फडकं राखेनं भरलं. खोकला येत होता आणि खोकायचं नव्हतं. दात दाबून मी तो गिळला. डोळ्यांतून पाणी आलं, त्याचा गालावर चिखल झाला.

मला माणसं आठवली नाहीत. आई नाही, घर नाही. आठवलं ते हे, की पाण्याच्या हौदात ठेवलेले माझे ठोकळे उद्या काढायचे आहेत आणि ते कोणते हे दुसऱ्या कुणाला माहीत नाही.

शिडीवर पुन्हा पावलं वाजली. कुणी तरी चढत होतं, फार हळू. एक पायरी, मग थांबणं. पुन्हा एक पायरी. मला त्या माणसाचा संताप आला. इथे माणूस गाडला जातोय आणि हा देवळाच्या पायऱ्या चढल्यासारखा येतोय. खाली घणाचे घाव चालूच होते.

शेवटी उजेडाचा चौकोन झाकोळला.

“जगदाळे मॅडम?”

डाखोरे साहेब होते.

“दरवाजा,” मी कुजबुजले. “उघडू देऊ नका.”

“काय?”

“हळू बोला. इथे राखेचा कडा आहे, पडेल. खालचा दरवाजा उघडू नका.”

“अहो, उघडल्याबिगर राख उतरन कशी?”

“राखेबरोबर मीपण उतरेन, साहेब.”

मग त्यांना कळलं असावं, कारण ते दबक्या आवाजात “अरे बाप्पा” म्हणाले. खाली मिक्सरचा कंप्रेसर घरघरत होता, हाक मारून काही उपयोग नव्हता. मला कसली तरी धडपड ऐकू आली आणि मग खाली पत्र्याच्या छपरावर काही तरी दणकन आदळलं. त्यांनी स्वतःचं हेल्मेट खाली फेकलं होतं.

घण थांबला.

“थांबला,” डाखोरे म्हणाले. “येऊन राहिला थो वर. आता सांगा. कुठवर आहे राख?”

“छातीपर्यंत.”

“हात?”

“मोकळे आहेत.”

“अन् कडा म्हणता, थो कुठं आहे?”

“समोरच आहे ना, साहेब. दिसत नाही का तुम्हाला?”

“सांगा तुमी. तुमीच सांगा मले.”

मी सांगितलं. मडावी धापा टाकत वर आला. ओढून काढणं शक्य नाही, कुणी खाली उतरणं तर त्याहून नाही. अग्निशमन दलाला फोन केलाय, पण गाडी लांबून येणार. हे सगळं वर कुजबुजत चाललेलं मी ऐकत होते. मला एक उपाय सुचत होता, पण तो सांगायला लागणारा श्वास जुळवावा लागत होता.

“पिंप,” मी म्हणाले. “निळा, प्लास्टिकचा. केमिकलचा. मोठ्यातला.”

“हाव, आहे. मग?”

“तळ कापा. तोंड पण कापा. दोन्हीकडून उघडा करा. माझ्या डोक्यावरून खाली सोडा. मी तो राखेत दाबते. आतली राख प्लास्टिकच्या मगानं बाहेर टाकते. बाहेरची आत येणार नाही.”

“विहिरीले काँक्रीटची कडी टाकतात तसं,” डाखोरे हळूच म्हणाले.

“हो. तसंच.”

“जाय बंडू. करवतीनं काप. अन् घणाले हात नको लावू.”

मडावी गेला. करवतीनं जाड पिंप दोनदा कापायला वेळ लागणार होता. डाखोरे वरच राहिले. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, उजेडासमोर फक्त डोक्याचा काळा आकार दिसत होता.

“मॅडम, झोपू नका.”

“झोप कुठली येतेय, साहेब.”

“आवाज पडून राहिला तुमचा. बोलत राहा. मोठ्यानं नको, पण बोलत राहा.” मग म्हणाले, “ही राख सिमेंटात काय करते? सांगा मले. आजवर नाही ऐकलं मी नीट.”

मला हसू आलं असतं, पण हसायला छातीत जागा नव्हती. छातीपर्यंत राखेत गाडलेल्या अवस्थेत, एकेका श्वासाला दोन-तीन शब्द असे जोडत, मी त्यांना राखेबद्दल सांगायला लागले. सिमेंटात पाणी घातलं की चीक तयार होतो. तो खडी आणि वाळू धरून ठेवतो. पण त्याबरोबर चुनाही सुटतो, आणि तो कुणाच्या कामाचा नसतो. नुसता पडून राहतो. पुढे पाण्यानं झिजतो. राख तो चुना घेते आणि त्याचाही चीक करते.

“म्हणजे सिमेंटचं उष्टं खाते,” डाखोरे म्हणाले.

“हो. उष्टं खाते. पण दमानं खाते. महिना, दोन महिने.”

“मग पहिल्या आठवड्यात ताकत कमीच ना? म्हणून तर मी म्हणतो, भेसळ.”

“कमीच. नंतर भरून निघते. नंतर जास्त होते. आणि पाया इतका जाड. नुसतं सिमेंट घातलं तर आतून तापतं. बाहेरून गार. मग तडे जातात. राख तापत नाही तितकी.”

“हं.” मग, “हे मले आधी असं नाही सांगितलं तुमी.”

“सांगितलं होतं. तुम्ही फोनवर होता.”

“असंल,” ते म्हणाले. “अन् काँक्रीट सरकतं जास्त, असं म्हणत होत्या. पंपाले सोपं. थे काहून?”

“कण गोल असतात. काचेच्या मण्यांसारखे. एकमेकांवरून घसरतात.” मी श्वास घेतला, तो अर्धाच आला. “म्हणून तर मी घसरले.”

वरून अगदी हळू आवाज आला, “पोरी, घाबरली का?”

“हो.”

“मीबी,” डाखोरे म्हणाले.

हे त्यांनी माझ्या समाधानासाठी म्हटलं असं मला वाटलं.

पिंप आला तेव्हा माझे हात बधिर झाले होते. चौकोनातून तो घासून आत आला, उजेड पूर्ण झाकला आणि दोराला लटकत माझ्यावर उतरायला लागला. मी हात उंच केले. तो माझ्या डोक्यावरून, तोंडावरून खाली आला. आत केमिकलचा गोडसर, उग्र वास होता आणि काहीच दिसत नव्हतं. विहिरीत पडल्यासारखं वाटून मी क्षणभर किंचाळणार होते. तेवढ्यात मडावीनं दोराला बांधून मग सोडला, त्याचा कान माझ्या बोटांना लागला आणि मी कामाला लागले.

मग भरायचा, डोक्यावर उचलून कडेच्या बाहेर ओतायचा. पिंप डावी-उजवीकडे हलवत खाली दाबायचा. पुन्हा मग भरायचा. थोड्या वेळानं छाती मोकळी झाली. पूर्ण श्वास आत गेला आणि तो इतका गोड लागला की मला रडू फुटलं.

“कुठवर?” वरून डाखोरे.

“पोटापर्यंत.”

“शाब्बास. दाबत राहा.”

नंतरचा आवाज मी अजून विसरले नाही. तो मोठा नव्हता. गोणपाट फाडावं तसा होता. उजेड गेला आणि पिंपाला एका बाजूनं धक्का बसला. कडा आला होता.

मी डोकं छातीशी घेतलं आणि दोन्ही हात वर धरले. पिंपाची भिंत माझ्या बरगड्यांवर दाबली गेली, वाकली, आणखी वाकली. वरून राख आत ओतत होती, केसांत, कानांत. नाकातोंडाशी फडकं दाबून मी वाट पाहत होते की आता प्लास्टिक फाटेल. काळं, गरम, कोंदट असं सगळं झालं. मी आहे की नाही हेही मला कळत नव्हतं.

“वृषाली!”

डाखोरे साहेब पूर्ण आवाजात ओरडले होते. आता ओरडायला हरकत नव्हती. पडायचं ते पडून गेलं होतं.

“वृषाली! ए पोरी! बोल!”

मला बोलता येईना. मी हातातला मग पिंपाच्या कडेवर आपटला. पुन्हा आपटला.

“हाये! बंडू, हाये!” वर कुणी तरी रडत होतं, कोण ते मला कळलं नाही.

धूळ बसली तेव्हा पिंपाच्या बाहेर राख काठोकाठ आली होती. पिंप नसता तर ती माझ्या डोक्यावरून गेली असती. आतली पुन्हा छातीला लागली होती. मी परत मग भरायला लागले. या वेळी हात आपोआप चालत होते. पोट, मांड्या, शेवटी गुडघे. डाखोरे विचारत राहिले आणि मी सांगत राहिले.

“गुडघे सुटले.”

“दोर धरा. बंडू, आता.”

दोघांनी ओढलं. उजवा पाय निघाला, डावा बुटातून निघाला, बूट तिथंच राहिला. पायरी हाताला लागली. मग मडावीचे हात काखेत आले आणि मी बाहेरच्या उन्हात, तापलेल्या पत्र्यावर पालथी पडले. खाली अग्निशमन दलाची गाडी नुकती वळून आत येत होती.

मी मान वळवून पाहिलं. डाखोरे साहेब झाकणाच्या कडेला पोटावर पडलेले होते. एक हात कठड्याच्या पाइपभोवती वळवलेला, दुसऱ्या हाताला दोराचा पीळ, तळवा सोललेला. डोळे गच्च मिटलेले.

“साहेब, झालं,” मी म्हणाले. “उघडा डोळे.”

“उतरल्यावर उघडीन,” ते म्हणाले.

त्यांना उतरवायला मला बाहेर काढण्याइतकाच वेळ लागला. मडावी त्यांच्या खाली राहून एकेक पाऊल हातानं धरून पायरीवर ठेवत होता. दवाखान्यात नेताना गाडीत मडावीनंच मला सांगितलं. साहेब तरुणपणी एकदा उंचावरून पडणाऱ्या माणसाच्या शेजारी उभे होते, तेव्हापासून स्टुलावरसुद्धा चढत नाहीत. “मी म्हटलं, तुमी राहा, मी जातो. तर म्हणाले, तू घण मार, तुले दरवाजा माहीत आहे. मॅडमजवळ कोणी पाहिजे. साऱ्या वेळात डोळे नाही उघडले त्यांनी. हेल्मेट फेकलं थेही तसंच. कुठं फेकलं माहीत नाही, फक्त फेकलं.”

म्हणून ते मला सारखं विचारत होते.

पाया भरायचं काम पुढे ढकललं गेलं. चारेक दिवसांनी मी प्लांटवर गेले. बरगड्यांना पट्टी होती, बाकी ठीक. सायलो रिकामा करून धुतला होता, आतल्या पायऱ्या कापून टाकल्या होत्या आणि झाकणाला कुलूप होतं. डाखोरे साहेबांनी भिंतीवर लाल रंगात लिहून घेतलं होतं की आत कुणीही उतरायचं नाही. नवी राख आली होती. माझ्या टेबलावर ताटात तिचा नमुना ठेवलेला होता.

मी चमचा उचलला. हात ताटापर्यंत गेला आणि थांबला. मऊ, करडी, निरुपद्रवी राख. मी पुन्हा हात पुढे केला. श्वास लहान व्हायला लागला. मी चमचा ठेवला आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

थोड्या वेळानं डाखोरे साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

“साहेब, दवाखान्याला पूर्ण सिमेंट घाला. मी मालकांशी बोलते.”

त्यांनी चष्मा काढला. तळहाताला अजून फडकं बांधलेलं होतं.

“अन् आतून तापून पायाले तडे गेले म्हणजे?”

“तुम्हालाच तर नको होती राख.”

“नको होती. पण मी सारं ऐकलं ना, मॅडम. डोळे मिटून होतो, कान तर उघडे होते. तसं नीट मी आजवर कोणाचं ऐकलं नाही.” त्यांनी चष्मा पुन्हा लावला. “आता तुमी म्हणता म्हणून मी चुकीचा पाया भरू का?”

“माझ्यानं हात लावला जात नाही, साहेब.” हे बोलताना मला लाज वाटली. “ताटातल्या राखेलासुद्धा.”

मला वाटलं ते धीर देतील, हळूहळू जाईल म्हणतील. तसलं काही ते बोलले नाहीत. उठले, माझ्या टेबलाशी आले, बाह्या सरसावल्या आणि बांधलेल्या हातानं ताटातली राख चमच्यानं उचलली.

“किती घेऊ?”

“शंभर ग्रॅम.”

“चाळणी कोणती?”

“ती खालची. सगळ्यात बारीक.”

ते चाळत राहिले. मी दोन हात लांब उभी राहून काटा वाचला आणि आकडा लिहिला. राख चांगली होती.

पाया त्याच आठवड्यात भरला, राख घालून. पहाटे सुरू झालेलं काम दिवस मावळता मावळता संपलं. शेवटचा ट्रक रिकामा झाला तेव्हा डाखोरे साहेब काठावर उभे राहून ते करडं, सपाट काँक्रीट बराच वेळ पाहत होते. पुढे आठवडाभर रोज सकाळी ते त्यातल्या नळीत तापमापक सोडायला स्वतः जात. तडा गेला नाही.

त्या प्लांटवर मी आणखी सहा वर्षं काढली. डाखोरे साहेब निवृत्त होईपर्यंत राखेचा नमुना तेच घ्यायचे, आणि सायलोच्या माथ्यावरचा फिल्टर तपासायला मीच वर जायची. मॅनेजर साहेब स्वतः राख का चाळतात आणि मॅडम शिडी का चढतात, असं नव्या पोरांनी एकदा मडावीला विचारलं होतं.

“दोघांची आवड,” मडावी म्हणाला.